स्वभावाला औषध आहे काय?

मनुष्यस्वभावाच्या प्रश्नावर आपल्या भाषेने दोन्ही बाजूंनी साक्ष देऊन ठेवली आहे. 'स्वभावाला औषध नाही', 'जित्याची खोड मेल्यावाचून जात नाही', 'सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही' असे आपण एकीकडे म्हणतो. आणि तितक्याच खात्रीने 'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला' असेही म्हणतो. पहिल्या पक्षाच्या मते माणूस घडलेलाच जन्माला येतो, दुसऱ्याच्या मते शेजार त्याला घडवतो. या दोन्ही म्हणी एकाच घरात, एकाच तोंडून, पुष्कळदा एकाच दिवशी ऐकू येतात. फरक इतकाच की दुसऱ्याच्या मुलाविषयी बोलताना पहिली आठवते आणि स्वतःच्या मुलाविषयी बोलताना दुसरी.

हा विनोद म्हणून सोडून देण्याजोगा भाग नाही. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अर्जुन विचारतो की, इच्छा नसतानाही, कोणी बळेच ओढून न्यावे तसा, माणूस पाप कशामुळे करतो? उत्तरात रजोगुणातून उपजणाऱ्या काम-क्रोधांचे नाव येते, म्हणजे शत्रू सर्वांच्याच घरात आहे. सोळाव्या अध्यायात मात्र दैवी आणि आसुरी संपत्ती घेऊन आलेल्या माणसांचे वर्णन आहे आणि अर्जुनाला तेथेच दिलासा मिळतो की, तू दैवी संपत्तीचा आहेस, शोक करू नकोस. गेली कित्येक शतके हा अध्याय वाचणारा प्रत्येक जण स्वतःला अर्जुनाच्याच रांगेत धरत आला आहे. आसुरी संपत्तीचे वर्णन वाचताना आपल्याला नेहमी कोणीतरी दुसराच आठवतो.

प्राचीन चीनमध्ये हाच वाद मेन्सियस आणि शुन्-त्झू या दोघांनी मांडला. मेन्सियस म्हणे, रांगते मूल विहिरीच्या काठाशी आलेले दिसले की कोणाच्याही काळजात चर्र होते, आणि ते काही मुलाच्या बापाकडून बक्षीस मिळावे म्हणून नव्हे. तस्मात् माणूस मुळात चांगला. शुन्-त्झू म्हणे, वाकडे लाकूड वाफ देऊन साच्यात दाबल्याखेरीज सरळ होत नाही; तस्मात् माणूस मुळात वाकडा. गंमत अशी की उपाय दोघांचाही एकच आहे : शिक्षण. युरोपात हॉब्ज आणि रूसो यांचे भांडण याहून अधिक कडवट झाले. हॉब्जचा 'लेव्हायथन' १६५१ मध्ये, इंग्लंडमधल्या यादवी युद्धाच्या शेवटी प्रसिद्ध झाला. शासनाचा धाक उठला की माणूस माणसाचा वैरी होतो, हे त्याने केवळ तर्काने काढलेले नाही, भोवताली पाहिलेले आहे. रूसोने १७५५ च्या आपल्या निबंधात नेमके उलट सांगितले : माणूस बिघडला तो समाजात आल्यामुळे, आणि ज्या दिवशी कोणीतरी जमिनीला कुंपण घालून 'हे माझे' म्हटले व इतरांनी ते मानले, त्या दिवसापासून.

हॉब्ज समजून घ्यायला आपल्याला इंग्लंडला जाण्याचे कारण नाही. सन १८०० ते १८१८ या काळाला माळव्यातील लोक 'गर्दी का वक्त' म्हणत, अशी नोंद सर जॉन माल्कम याने १८२३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मध्य हिंदुस्थानविषयक ग्रंथात केली आहे. पेंढाऱ्यांच्या टोळ्या, पगार न मिळालेली पथके, उजाड गावे. माणूस मुळात कसा, असे त्या वेळच्या एखाद्या पाटलाला विचारले असते तर त्याने हॉब्जचेच उत्तर दिले असते. पुढे २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरची लढाई झाली, जानेवारीत मंदसौरचा तह झाला आणि अवघ्या दोन-तीन वर्षांत त्याच मुलखात त्याच माणसांनी नांगर धरले. पेंढाऱ्यांचा नामांकित पुढारी करीमखान शरण आला. त्याला गोरखपूरकडे जमीन मिळाली आणि तो तेथे स्थायिक झाला. यशवंतराव होळकरांचा साथीदार, ज्याच्या पठाणी फौजेने राजपुताना जेरीस आणला तो अमीरखान टोंकचा नवाब झाला आणि त्याच्या वंशजांना पुढे सलाम झडू लागले. चितू मात्र शरण आला नाही. त्याला असीरगडाजवळच्या जंगलात वाघाने खाल्ले. तिघांच्या स्वभावात केवढा फरक होता हे ठरवणे कठीण आहे. त्यांच्या मागे राहिलेल्या नावांत किती फरक पडला हे मात्र उघड दिसते.

येथे आपण माळव्यातील मराठी मंडळींनी जरा थांबावे. आपली घराणी होळकर, शिंदे, पवार यांच्या सेवेत येथे आली. कोणी पथकाबरोबर, कोणी दप्तराबरोबर, कोणी देवघर सांभाळायला. आपण त्याला मुलूखगिरी म्हणतो, चौथाई-सरदेशमुखी म्हणतो. ज्यांच्याकडून ती वसूल झाली त्यांच्या कथा-गीतांत वेगळे शब्द आहेत. माझा हेतू पूर्वजांची निंदा करण्याचा नाही. त्यांनी घाट बांधले, अन्नछत्रे घातली, आणि ज्या राज्यव्यवस्थेत ते वावरले तिचे नियम पाळले. इतकेच म्हणायचे आहे की एका टोळीला 'स्वभावतः लुटारू' ठरवण्यापूर्वी आपल्या घराण्याला 'स्वभावतः सरदार' कोणी ठरवले, हा प्रश्न स्वतःला एकदा विचारून पाहावा.

हा प्रश्न मला पुस्तकांत भेटण्याआधी कचेरीत भेटला. तहसीलदार हा जसा महसुली अधिकारी असतो तसाच तो कार्यकारी दंडाधिकारीही असतो. दंड प्रक्रिया संहितेच्या कलम १०७ खाली भांडणाऱ्या दोन पक्षांना शांतता राखण्याचे मुचलके लिहून द्यावे लागत. ते काम सोपे. कलम ११० मात्र निराळे होते. त्यात प्रश्न 'याने काय केले' हा नसून 'हा कसा माणूस आहे' हा असे. पोलीस ठाण्यातून इस्तगासा येई, त्यात 'आदतन अपराधी' हे शब्द ठरलेले, सोबत निगराणी बदमाशांच्या नोंदवहीचा उतारा आणि गावातले दोन-तीन साक्षीदार. मग त्या माणसाने सद्वर्तनाचा जातमुचलका जामीनदारांसह द्यायचा, मुदत तीन वर्षांपर्यंत. १ जुलै २०२४ पासून ती संहिता जाऊन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि ११० चे १२९ झाले. आशय बहुतांशी तोच आहे.

या कलमाची मला निंदा करायची नाही. गावगुंडाविरुद्ध साक्ष द्यायला कोणी धजत नसेल तर शासनाच्या हाती काहीतरी हवे, आणि ज्यांनी असा गुंड सोसलेला आहे त्यांना ते पटेल. पण वर्षानुवर्षे समोर उभ्या राहिलेल्या माणसांकडे पाहता एक गोष्ट ठळकपणे लक्षात येते. ज्याचा मामा सरपंच आहे, ज्याच्या काकाकडे वीस बिघे ओलिताची जमीन आहे, त्याच्या सद्वर्तनाची हमी दुपारपर्यंत तयार होते. ज्याच्या साऱ्या ओळखीच्या माणसांत कोणाच्याच नावे जमीन नाही, तो म्हणतो, "साहब, ज़मानतदार कहाँ से लाऊँ?" आणि संध्याकाळच्या गाडीने तुरुंगात जातो. दोघांच्या सवयी सारख्याच असू शकतात. कायदा स्वभाव मोजायला निघतो आणि हाती येते ती सातबाऱ्याची, किंवा आमच्याकडच्या भाषेत खसरा-खतौनीची, नक्कल.

इंग्रजी अमदानीने याच विचाराला १८७१ साली टोकाला नेले. गुन्हेगार जमातींचा कायदा करताना पुढे केलेले तर्कट असे होते की, या देशात सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा विणकर. मग चोराचा मुलगा चोरच होणार. म्हणजे आपल्याच जातिव्यवस्थेचा दाखला देऊन आपल्याच लोकांना जन्मतः गुन्हेगार ठरवले गेले. आपल्यापैकी पुष्कळांना त्यात वावगे वाटले नाही, ही त्यातली अधिक दुखरी बाजू. हजेरी, परवाना, तारेच्या कुंपणातली वसाहत. सोलापुरात त्या वस्तीला 'सेटलमेंट' हे नाव आजवर चिकटलेले आहे. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला, स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी. म्हणून त्या जमातींना 'विमुक्त' म्हणतात. लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या'ला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तेव्हा आपल्या वाचनालयांत ते पुस्तक हातोहात फिरले. त्यातली भूक वाचून हळहळलेले हात घरी पारधी किंवा कंजर दिसताच कडी लावत होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला तुरुंगांच्या नियमावल्यांतून जातवार कामवाटप काढून टाकण्याचा आणि विमुक्तांना जन्मजात गुन्हेगार समजण्याची रीत बंद करण्याचा आदेश द्यावा लागला. कायदा रद्द होऊन तेव्हा बहात्तर वर्षे झाली होती.

तर मग माणूस हा कोरी पाटी आहे आणि समाज लिहील ते त्यावर उमटते, असे मानायचे काय? मला तसेही वाटत नाही. माझे म्हणणे याहून मर्यादित आहे. मूळ स्वभाव चांगला की वाईट हे आपल्याला कधी कळेल असे वाटत नाही. पण समोरच्याविषयी आपण आधीच जे गृहीत धरतो, ते त्याच्या वागण्यात एक कारण होऊन बसते. त्यामुळे त्या गृहीतकाची जबाबदारी गृहीत धरणाऱ्यावर येते. आणि चांगले गृहीत धरायचे तर नुसते मनाने धरून भागत नाही, त्याला भाकरीची आणि कराराची जोड लागते.

याचे सर्वांत जुने उदाहरण आपल्या घरचेच आहे. १७६७ ते १७९५ या अहिल्याबाईंच्या कारकिर्दीत नर्मदेच्या दोन्ही तीरांच्या डोंगरांतून जाणारे तांडे भिल्ल लुटत. माल्कम लिहितो की बाईंनी आधी सामोपचार केला. तो चालला नाही तेव्हा कठोर उपाय केले, काही म्होरक्यांना देहदंडही झाला. आणि त्यानंतर करार झाला. डोंगरातून जाणाऱ्या मालावर अल्पसा कर घेण्याचा भिल्लांचा परंपरागत हक्क त्यांनी मान्य केला. त्याला 'भिल्ल कवडी' म्हणत. बदल्यात भिल्लांनी पडीक जमीन लागवडीस आणायची, आणि आपल्या हद्दीत चोरी झाली तर मुद्देमाल शोधून द्यायचा. आपल्या कीर्तनांतून यातला कठोर भाग गाळला जातो आणि बाई केवळ मायाळूपणाने जिंकल्या असे सांगितले जाते. मला गाळलेल्या भागासकटच हा करार मोठा वाटतो. ज्याला वाटमाऱ्या म्हणत त्यालाच वाटेचा राखणदार नेमले. त्याचा हक्क मान्य केला आणि त्याच हक्काला जबाबदारी बांधली. स्वभाव बदला, असे कोणी कोणाला सांगितले नाही.

दुसरे उदाहरण औंध संस्थानातले. सूर्यनमस्कारांमुळे आपल्या घराघरांत ठाऊक असलेले बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३९ मध्ये प्रजेला राज्यकारभार सोपवला. त्याच वर्षी, पोलंडहून आलेले अभियंते मॉरिस फ्रीडमन यांच्या पुढाकाराने, आटपाडीजवळ माळरानावर स्वतंत्रपूर ही कैद्यांची वसाहत उभी राहिली. खुनासारख्या गुन्ह्यांतले कैदी, पण वसाहतीला कोट नाही, आणि हाताला शेतीचे काम. कुटुंबासह तेथे राहता येते, ही त्यातली मला सर्वांत शहाणपणाची वाटणारी गोष्ट. कारण ज्याच्या सकाळच्या भाकरीची वाट चार माणसे पाहतात त्याला पळून जाणे जड पडते. व्ही. शांताराम यांचा १९५७ चा 'दो आँखें बारह हाथ' याच प्रयोगावरून सुचला. त्याची कथा ग. दि. माडगूळकरांची, जे स्वतः त्याच औंधच्या मुलखातले. चित्रपटात जेलरच्या डोळ्यांची जरब आहे. ती नाटकाला हवीच होती. पण माळरानावर जास्त काम बैलांनी, बियाण्याने आणि बायको-मुलांनी केले असावे, असा माझा तर्क आहे.

तिसरे उदाहरण आमच्या प्रांताचे, चंबळचे. मानसिंह १९५५ मध्ये मारला गेला. त्याचा मुलगा तहसीलदारसिंह फाशीची शिक्षा होऊन तुरुंगात होता. तेथून त्याने विनोबांना पत्र लिहिले. मे १९६० मध्ये विनोबा भिंड-मोरेनाच्या बीहडांतून पायी फिरले आणि वीस जणांनी त्यांच्यापुढे शस्त्रे ठेवली. देशभर जयजयकार झाला. मध्यप्रदेश पोलिसांचे तेव्हाचे प्रमुख के. एफ. रुस्तमजी यांनी मात्र उघड नापसंती दर्शवली. हे गृहस्थ आपल्या विदर्भातले, कामठीचे. डाकूंचा असा गौरव झाला तर ज्यांची माणसे मारली गेली त्यांना काय वाटेल, आणि जिवावर उदार होऊन बीहडात उतरणाऱ्या शिपायाला काय वाटेल, अशी ही बाजू होती. आमच्या साहित्यिक वर्तुळात रुस्तमजींना रुक्ष अधिकारी म्हणून बाजूला सारण्याची पद्धत आहे. शासकीय सेवेत आयुष्य गेलेल्या माणसाला ती मान्य करता येत नाही. ज्या बाईचा नवरा गोळीने मेला तिच्या दाराशी कोण गेले, हा प्रश्न संताच्या मोठेपणाने मिटत नाही.

बारा वर्षांनी, एप्रिल १९७२ मध्ये, जयप्रकाश नारायण यांच्यासमोर जौऱ्याला माधोसिंह, मोहरसिंह आणि त्यांच्यामागे शेकडो जण शरण आले. या वेळी शासन सुरुवातीपासून बरोबर होते. फाशी होणार नाही अशी हमी, कुटुंबांच्या निर्वाहाची तजवीज, आणि पुढे मुंगावलीला खुला तुरुंग. विनोबांच्या हाकेत जे होते त्याला आता अहिल्याबाईंच्या करारातला व्यवहार मिळाला, असे म्हणता येईल. तरी दरोडे संपले नाहीत. मलखानसिंह १९८२ मध्ये, फूलनदेवी १९८३ मध्ये शरण आली. जमिनीचे तंटे, जातींचे वैर आणि बदल्याची रीत शिल्लक होती तोवर बीहडांना नवी माणसे मिळत राहिली.

त्याच १९६० च्या पावसाळ्यात विनोबा चंबळहून इंदुरास आले आणि महिनाभर राहिले. विसर्जन आश्रम तेव्हाचाच. विनोबांनी स्वतः हाती झाडू घेतला, संडास साफ केले. शहर गहिवरले, स्वच्छ मात्र झाले नाही. पुढे २०१७ पासून स्वच्छतेत देशात पहिल्या क्रमांकावर इंदूरचे नाव येऊ लागले, ते दारावर रोज ठरल्या वेळी येणाऱ्या कचरागाडीमुळे, ओल्या-सुक्याच्या सक्तीमुळे, दंडामुळे आणि गावाच्या अभिमानामुळे. लोक तेच होते. राजवाड्यापाशी कागद खिशात ठेवणारा गृहस्थ आगगाडीत बसला की तोच कागद खिडकीतून टाकतो, हे कोणीही पाहावे. आणि जे डोळ्यांना दिसत नाही तेथे ही सवय पोचत नाही : डिसेंबर २०२५ मध्ये त्याच शहरात, भागीरथपुऱ्यात, पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळून माणसे दगावली.

हातोदला राहताना रूसोची आठवण मला वारंवार येते. विमानतळावरून पुढे येणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जेथे गहू आणि सोयाबीन होत असे तेथे तारांची कुंपणे आणि वसाहतींच्या पाट्या दिसतात. एका बैलजोडीवर दोघांची शेती करणारे भाऊ तहसील कचेरीत बटवाऱ्याच्या आणि सीमांकनाच्या अर्जावर समोरासमोर उभे असतात. ही भुकेली माणसे नाहीत. त्यांना कोणी गुन्हेगार म्हटलेले नाही, उलट गावात मान आहे. बिघ्याचा भाव वाढला आणि भावाचा उतरला, असे एक म्हातारे शेतकरी मला म्हणाले. समाजाने केले असे म्हणावे, तर त्याच रस्त्यावर, त्याच भावाने विकल्या गेलेल्या जमिनीचे पैसे विधवा भावजयीला न मागता मोजून देणारेही आहेत. येथे माझे गृहीतकाचे तत्त्व लंगडे पडते. दोघांना समाजाने सारखेच वागवले होते. कोठेतरी एक कण उरतो, ज्याला शेजार, कायदा, भाव यांपैकी कशानेही उलगडता येत नाही. त्याला स्वभाव म्हणायला माझी हरकत नाही. फक्त तो जातीत किंवा टोळीत शोधू नये, कारण हे दोघे भाऊ एकाच आईचे असू शकतात.

एक गोष्ट मात्र तपासून पाहण्याजोगी राहिली आहे. भिल्ल कवडीचा करार झाला हे माल्कम सांगतो. तो पाळला किती गेला, चोरीचा माल खरोखर परत येई काय, आणि कवडी ठरल्यापेक्षा जास्त तर घेतली जात नसे ना, हे कळायला आपल्याच घरांतली दप्तरे हवीत. महेश्वर, मंडलेश्वर, खरगोणकडे ज्यांचे पूर्वज कमाविसदार किंवा फडणीस होते अशी कुटुंबे या अंकाच्या वाचकांत आहेत. कोणाच्या माळ्यावर मोडीतले रुमाल असतील आणि त्यांत भिल्लांकडून मुद्देमाल मिळाल्याची किंवा न मिळाल्याची नोंद आढळली, तर मंडळाच्या पत्त्यावर कळवावे. मोडी वाचण्याचे काम मी करीन.